एकाच टेकडीच्या ३२ फेऱ्या: चौघे निघालो, दोघे पूर्ण झालो

पायवाट (धागालेखक)

गेल्या महिन्यात आम्ही चार मित्रांनी एव्हरेस्टिंगचा प्रयत्न केला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणतीही एक टेकडी निवडायची आणि चढलेल्या उंचीची बेरीज एव्हरेस्टएवढी होईपर्यंत त्याच वाटेने तिच्यावर चढत-उतरत राहायचे. सगळे एकाच दमात करायचे असते. मध्ये बसता येते, खाता-पिता येते, झोपता मात्र येत नाही. वेळेची मर्यादा नसते. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसे झालेल्या जॉर्ज मॅलरी यांच्या नातवाने, ज्याचे नावही जॉर्ज मॅलरीच आहे, १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माउंट डोना बुआंगवर सायकलने अशी चढाई केली होती. ती त्याची एव्हरेस्टची तयारी होती आणि पुढच्याच वर्षी तो खऱ्या शिखरावर पोचला. सायकलवाल्यांमध्ये हा प्रकार आजही अधिक चालतो, पण आम्ही तो पायी करायचे ठरवले.

आमची टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत २८४ मीटर आहे आणि वाट एका बाजूने १.४ किलोमीटरची आहे. एव्हरेस्टची उंची २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर अशी जाहीर केली. तिला २८४ ने भागले की ३१ फेऱ्यांनंतर जेमतेम ४५ मीटर उरतात, म्हणजे अंगाला खाज सुटावी इतकेच. आम्ही पूर्ण ३२ फेऱ्या करायचे ठरवले. डोंगरात चालायला किती वेळ लागेल याचा, स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा जुना हिशोब आहे: दर ५ किलोमीटरना एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्याप्रमाणे एका फेरीला ६२ मिनिटे आणि एकूण ३३ तास होत होते. शनिवारी पहाटे चारला निघालो तर रविवारी दुपारी एकपर्यंत सुटका, असा आमचा आडाखा होता.

फेऱ्या मोजण्यासाठी पायथ्याशी ३२ खडे ढीग करून ठेवले होते आणि बाजूला एक पत्र्याचा डबा होता. खाली आले की एक खडा ढिगातून उचलून डब्यात टाकायचा. त्याखेरीज मी प्रत्येक फेरीला घड्याळाचे बटणही दाबत होतो. आधीच एक नियम केला होता की मोजण्यात शंका आली तर ती नेहमी आपल्या विरुद्ध धरायची.

आता मूळ मुद्दा. आमच्यापैकी एक जण शाळेपासूनचा मित्र आहे, अंगाने थोराड, चढाला बैलासारखा संथ आणि न थकणारा. दुसरा आमच्यात सर्वांत वेगवान आहे. तिसरी मैत्रीण, आणि चौथा मी. पहिल्या दहा फेऱ्या आम्ही हट्टाने बरोबर चाललो. तेराव्या-चौदाव्या फेरीपासून माझा जुना मित्र उतरताना मागे पडू लागला. चढताना तो आमच्याबरोबर असे. उतरताना मात्र काठ्यांवर सगळा भार टाकून, एकेक पाऊल आडवे ठेवत येई, आणि आम्ही खाली सहा-सात मिनिटे गारठत त्याची वाट पाहत असू. एकोणिसाव्या फेरीनंतर, रात्री पावणेबाराच्या सुमारास, तो खाली येऊन दगडावर बसला. बसताना त्याला गुडघे वाकवता येत नव्हते, म्हणून त्याने अंग अक्षरशः मागे सोडून दिले. तो म्हणाला, "माझे झाले. तुम्ही व्हा पुढे." आम्ही चार मिनिटांत निघालो. हे चार मिनिटे मी घड्याळातल्या नोंदीवरून सांगतो आहे.

बाविसाव्या फेरीनंतर आमच्या वेगवान मित्राला उलट्या सुरू झाल्या आणि तोही थांबला. उरलेले आम्ही दोघे रविवारी दुपारी साडेचारला मोकळे झालो. त्या दरम्यान जुना मित्र पायथ्याशी बसून होता. त्याने बाटल्या भरल्या, आजारी पडलेल्याला सांभाळले, आमचे खडे हलवले आणि रात्रीच्या थंडीत स्वतःचे जॅकेट दुसऱ्याच्या अंगावर घातले.

आठवड्याने भेटलो तेव्हा तो म्हणाला, "थांबल्याचे मला वाईट वाटले नाही. पण मी थांबतो म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत, घड्याळाकडे पाहिलेत." तेव्हापासून आमच्यात बोलणे आहे, पण त्यात पूर्वीचे काही नाही.

अनुभवी मंडळींना विचारायचे आहे: अशा मोहिमेत एक जण थांबला की बाकीच्यांनी काय करायचे असते? हे आधी ठरवता येते का, आणि ठरवायचे तर कसे? जाता जाता, अठ्ठाविसाव्या फेरीला घड्याळ आणि खडे यांच्यात एका फेरीचा फरक पडला होता. आम्ही नियमाप्रमाणे खड्यांचे ऐकले.


निवडुंग

पहिल्या दहा फेऱ्या हट्टाने बरोबर चाललात, तिथेच घोळ झाला असे मला वाटते. चौघांचा चालण्याचा वेग एक नसतो, आणि एकाच वेगाने चालायचे ठरवले की हळू चालणारा धापा टाकतो आणि वेगाने चालणाऱ्याची चाल बिघडते. आम्ही वेगळी पद्धत ठेवतो. फेरी सुरू करण्याची वेळ सर्वांची एक. वर जाणे आणि खाली येणे ज्याचे त्याने आपल्या चालीने करावे. म्हणजे तासाच्या ठोक्याला सगळे पायथ्यापासून एकत्र निघतात, वेगवान माणूस लवकर येऊन जास्त बसतो आणि संथ माणसाला कोणी आपल्यासाठी ताटकळते आहे याचे ओझे वाटत नाही. शिवाय दर तासाला चौघे एकमेकांची तोंडे उजेडात पाहतात. अंधारात मागून येणारा बॅटरीचा ठिपका पाहून माणूस कसा आहे ते कळत नाही.


उतरण

आपल्या मित्राला चढाने नव्हे, उताराने थांबवले, आणि यात नवल नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन अंग वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असताना जोर लावून अंगाला आवर घालतो, आणि या प्रकारच्या कामात स्नायूतंतूंची मोडतोड बरीच जास्त होते. त्याला दम लागत नाही, छाती शांत असते, म्हणून माणसाला वाटते की उतार म्हणजे विसावा. दरम्यान मांड्या कामातून जात असतात. आपल्या ३२ फेऱ्यांत जवळपास नऊ हजार मीटर चढ होता तसा नऊ हजार मीटर उतारही होता, आणि अंगाने जड माणसाला तो प्रत्येक पावलाला जास्त महाग पडतो.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. मोहिमेच्या दोन-तीन आठवडे आधी एकदोनदा लांब उतार जाणूनबुजून उतरावा. त्यानंतर दोन-तीन दिवस मांड्या धरतात, जिना उतरताना कठड्याला लोंबकळावे लागते, पण स्नायू एकदा या मारातून गेला की पुढचे काही आठवडे त्याच कामाने त्याची तेवढी हानी होत नाही. आपण सरावात किती उतरलात? बहुतेक लोक सरावात चढाचा हिशोब ठेवतात आणि खाली येण्याला घरी परतण्याइतकीच किंमत देतात.


पायवाट

@उतरण, आपण नेमके बोट ठेवलेत. जुन्या मित्राचा सगळा सराव जिमच्या कलत्या ट्रेडमिलवर झाला होता. तिथे चढ आहे, उतार नाहीच. ही गोष्ट आम्हा चौघांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही, आणि सरावाचे वेळापत्रक मी आखले होते.


अर्धविराम

मला या प्रकारातली मौजच कळत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एकतृतीयांश असतो. तिथली खरी लढाई श्वासाची आहे. पायथ्याच्या टेकडीवर तीच वाट बत्तीस वेळा तुडवून त्या शिखराचा आकडा उसना घेण्यात काय हशील? आकडा नसता, तर आपला मित्र बसला तेव्हा आपणही बसला असतात.


पायवाट

आकडा उसना आहे हे मान्य. पण आकड्याशिवाय आम्ही सहाव्या फेरीलाच घरी गेलो असतो, हेही तितकेच खरे. आपले शेवटचे वाक्य मात्र मी दोनदा वाचले.


रात्रपाळी

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे आणि मला थांबलेल्या पहिल्या मित्रापेक्षा उलट्या होणाऱ्या दुसऱ्या मित्राची जास्त काळजी वाटली. त्याने किती आणि काय प्यायले होते? डोके दुखत होते का, बोलण्यात गोंधळ होता का, लघवी होत होती का?


पायवाट

त्याला पायांत गोळे येण्याची धास्ती असते, म्हणून तो प्रत्येक फेरीला जवळपास एक बाटली साधे पाणी पीत होता. विसाव्या फेरीपासून त्याला काही खारट नकोसे झाले. डोके दुखते असे तो म्हणाला होता. जुन्या मित्राने त्याच्या बोटातली अंगठी काढायचा प्रयत्न केला, ती पेरावर अडकून बसली होती. मग त्याने त्याला पाणी देणे बंद केले आणि खारवलेला बटाटा थोडा थोडा चावायला लावला. सकाळपर्यंत त्याला बरीच लघवी झाली आणि तो माणसात आला.


रात्रपाळी

आपल्या जुन्या मित्राला माझा नमस्कार सांगा. लांब श्रमांत बोटे थोडीफार अशीही सुजतात, त्यामुळे केवळ अंगठीवरून निदान होत नाही. पण तासन्‌तास भरपूर साधे पाणी, त्यावर डोकेदुखी आणि उलट्या, हे एकत्र आले की रक्तातले सोडियम खाली गेल्याची शंका घ्यायलाच हवी. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यतीच्या शेवटी रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांचे सोडियम कमी निघाले होते, आणि शर्यतीत ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात ते प्रमाण ठळक होते. म्हणजे ही माणसे पाण्यावाचून नव्हे, पाण्याने आजारी पडली होती. तहान लागेल तसे प्यावे, ठरवून ढोसू नये. आणि बोलण्यात गोंधळ, तोल जाणे किंवा झटका यांपैकी काहीही दिसले तर बटाट्यावर न थांबता थेट रुग्णालय गाठावे. तिथे सोडियम तपासायला वेळ लागत नाही.

आणखी दोन गोष्टी सांगून माझा आगंतुकपणा संपवतो. इतक्या लांब श्रमांत मांड्या दुखतात म्हणून आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत, मूत्रपिंडांवर त्यांचा ताण पडतो. दुसरे, थांबलेल्या मित्राची लघवी पुढच्या दोन दिवसांत गडद तपकिरी झाली नाही ना, हे विचारायला हवे होते. उताराने इतक्या मोडलेल्या स्नायूंतून जे रक्तात येते ते मूत्रपिंडांना सोसतेच असे नाही.


पायवाट

विचारले नव्हते. आज सकाळी विचारले. झाली नव्हती.


कातळ

मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉब ग्रॅहम राउंड म्हणून एक फेरी आहे: ४२ शिखरे, सुमारे १०६ किलोमीटर, सुमारे ८,२०० मीटर चढाई, आणि सगळे २४ तासांच्या आत. बॉब ग्रॅहम यांनी ती १९३२ मध्ये केली आणि दुसऱ्या कोणाला ती जमायला १९६० साल उजाडले. तिथली एक रीत मला फार आवडते. फेरी अधिकृत मानली जायची तर प्रत्येक शिखरावर करणाऱ्याबरोबर एक साक्षीदार लागतो. त्यामुळे बहुतेक जण टप्प्याटप्प्याने सोबती बदलत जातात. कोणी रात्रीच्या टप्प्याला वाट दाखवतो, कोणी खाणे वाहतो, आणि यांतले कित्येक जण पुढे कधीतरी स्वतः निघतात तेव्हा भूमिका उलटतात. तिथे पायथ्याशी थांबणारा माणूस 'जमले नाही म्हणून बसलेला' नसतो, त्याला त्या दिवशी नेमून दिलेले काम असते.

आपल्या मोहिमेत असे कामच नव्हते. चौघांनाही चढायचे होते, म्हणून जो थांबला तो आपोआप उरलेला ठरला. मग त्याने जे केले ते इतके मोलाचे होते की त्याच्यावाचून दुसरा मित्र कदाचित रुग्णालयात गेला असता, पण ते काम त्याला कोणी दिलेले नव्हते, त्याने ते शोधून घेतले. आमच्या गटात निघण्यापूर्वी प्रत्येक जण सर्वांसमोर दोन गोष्टी सांगतो: मी कशामुळे थांबेन, आणि मी थांबल्यावर तुम्ही काय करावे असे मला वाटते. कोणी म्हणते, मला एकट्याला सोडा, सहानुभूती नको. कोणी म्हणते, पुढची फेरी चुकवून माझ्याजवळ बसा. मध्यरात्री 'तुम्ही व्हा पुढे' याचा अर्थ लावत बसण्याची वेळ येऊ नये, यासाठी एवढी खटपट. त्या तीन शब्दांचे निदान चार अर्थ होतात.


त्रैराशिक

भावनिक बाजू इतरांनी पाहिली आहे, मी जमाखर्च पाहतो. ७० किलोचा माणूस ८,८४९ मीटर वर उचलायला सुमारे १,४५० किलोकॅलरी एवढे निव्वळ काम लागते. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली तर केवळ चढासाठी ५,८०० ते ७,२५० किलोकॅलरी जळतात. उतार आणि आडवे अंतर वेगळेच. टेकडीचा चढ साधारण २० टक्के होता, हे आपले नशीब, कारण पायी चालताना दर मीटर उंची सर्वांत स्वस्तात पडते ती २० ते ३० टक्क्यांच्या चढावर. इथवर नियोजन चांगले होते.

पण घड्याळ आणि खडे यांच्यातला फरक मला झोपू देत नाही. घड्याळाने एकूण चढाई किती दाखवली, आणि शेवटी बटणाप्रमाणे फेऱ्या किती झाल्या होत्या?


पायवाट

घड्याळाने ९,६०० मीटरच्या थोडे वर दाखवले आणि बटणाप्रमाणे ३३ फेऱ्या झाल्या. हवेच्या दाबावर चालणारी घड्याळे हवामान बदलले की थापा मारतात हे माहीत असल्याने आम्ही त्या आकड्याकडे दुर्लक्ष केले होते, आणि रात्री अंधारात मी कधीतरी बटण दोनदा दाबले असावे असे गृहीत धरले होते.


त्रैराशिक

बत्तीस फेऱ्यांचे ९,०८८ मीटर होतात, तेहेतिसांचे ९,३७२. पाचशे मीटरच्या थापेपेक्षा सव्वादोनशे-अडीचशेची थाप मला जास्त पटते. बटण आणि एकूण आकडा दोन्ही बाजूला ठेवा. नोंदीतला उंचीचा आलेख उघडा आणि त्यातली शिंगे बोटाने मोजा. बटण दोनदा दाबले तरी टेकडी दोनदा चढून होत नाही.


पायवाट

मोजली. मैत्रिणीकडूनही स्वतंत्रपणे मोजून घेतली. शिंगे ३३ आहेत. म्हणजे आम्ही एक फेरी जास्त केली, आणि तीही शेवटची, जिच्यात माझ्या डाव्या टाचेवरचा फोड फुटला आणि ती मुरमाच्या घसाऱ्यावर बसून रडली. खडे कसे चुकले ते मात्र कळत नाही.


तळावरचा (नवीन सदस्य)

हा धागा मला काल मैत्रिणीने पाठवला. मीच तो बैलासारखा संथ मित्र. उपमा मान्य आहे.

खड्यांचे मी सांगतो. रविवारी सकाळी तुम्ही सत्ताविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या फेरीहून खाली आलात, बाटल्या उचलल्या आणि निघालात. ऊन वर आले होते, रात्रभर तो उलट्या करत होता म्हणून मी डोळा मिटला नव्हता. जाग आली तेव्हा एक खडा माझ्या मुठीत होता. तो ढिगातून उचलून डब्यात टाकायचा राहिला होता, की ढिगातले उरलेले खडे मोजताना मुठीत आला होता, हे मला काही केल्या आठवेना. शंका आली तर आपल्या विरुद्ध धरायची, असा नियम आपणच केला होता. मी तो ढिगात ठेवला. तुम्ही परत आलात, घड्याळ आणि डबा यांवरून दोघांत वाद झाला, आणि मी बोलणार तोच तू म्हणालास, "खडे खोटे बोलत नाहीत." मग मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर, त्या क्षणी तुला आणखी एक फेरी घालावी लागते आहे याचे मला फारसे दुःख झाले नाही. मैत्रिणीची मात्र मी काल क्षमा मागितली आहे.

चार मिनिटांविषयी. कातळ यांनी विचारलेले दोन प्रश्न मला आधी कोणी विचारले असते, तर मी म्हटले असते की मला सोडून पुढे जा, आणि मनापासून म्हटले असते. तुम्ही थांबून राहावे अशी माझी अपेक्षा नव्हतीच. मला वाटत होते की कोणीतरी माझ्या बुटांच्या नाड्या सोडाव्यात. मला वाकता येत नव्हते आणि ते सांगायची लाज वाटत होती. पुढे सुमारे तासाभराने त्या आजारी पडायच्या आधीच्या फेरीत आपल्या वेगवान मित्राने न सांगता सोडल्या. तेवढेच.

उतरण यांच्या सांगण्याप्रमाणे मी गेल्या रविवारी त्याच टेकडीवर जाऊन सहा वेळा उतरून आलो, आणि सध्या जिना उलटा उतरतो आहे. पुढच्या खेपेला निवडुंग यांची तासाच्या ठोक्याची पद्धत ठेवू. सरावाचे वेळापत्रक या वेळी मी आखणार आहे, आणि खडे मोजायला पायथ्याशी असा माणूस बसवू ज्याने आदल्या रात्री झोप काढली आहे.


पायवाट

वेळापत्रक पाठव. नाड्यांचे मला खरोखर दिसले नव्हते. संध्याकाळी घरी आहेस का?


तळावरचा

आहे. पण तू ये, मला जिना उतरायला सांगू नकोस.